दगडावरची आणि कुसळीवरची

बाई,

तुमचे अकरा डबे अजून माझ्याकडेच आहेत. आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात, खिडकीपासून लांबच्या कपाटात. त्यातल्या डांबरगोळ्या मी दर महिन्याला बदलते आणि त्या कामाला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. लोकांना वाटतं, मॅडमची केवढी गुरुभक्ती. तुम्हाला जाऊन चोवीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत मनातल्या मनात तुमच्याशी पुष्कळ बोलले, पण दर वेळी इकडचं तिकडचं. जे बोलायला हवं होतं ते बाजूला ठेवून. आज लिहायला बसले, कारण मागच्या महिन्यात एक गोष्ट घडली, आणि ती सांगायची तर आधीचं सगळं सांगावं लागतं. त्यातलं अर्धं तुम्हाला माहीत आहे. उरलेलं अर्धं मी तुम्हाला कळू दिलं नाही.

तिसगावच्या शाळेत तुम्ही आम्हाला आठवीपासून विज्ञान शिकवलंत. आम्ही तुम्हाला पाठीमागे ‘माशीबाई’ म्हणायचो आणि ते तुम्हाला ठाऊक होतं. रविवारी चर्चमधून आलात की त्याच साडीत, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात मच्छरदाणीच्या कापडाची शिवलेली जाळी घेऊन तुम्ही माळावर निघायचात. बायका वाटेत विचारायच्या, “बाई, काय हुडकिता वो उन्हातान्हाचं?” तुम्ही हसून म्हणायचात, “माझ्या विद्यार्थिनी.” जी माशी तुम्ही हुडकत होता तिला गावात वेगळं नावच नव्हतं. इंग्रजी पुस्तकात तिला दरोडेखोर म्हणतात, पण तो शब्द तुम्हाला आवडायचा नाही. दरोडेखोर दुसऱ्यानं मिळवलेलं पळवतो, ही आपली शिकार आपण करते, असं तुमचं म्हणणं. तुम्ही तिला शिकारी माशी म्हणायचात, म्हणून मीही तेच म्हणते.

एक दिवस तुम्ही फळ्यावर तिचा पंख काढलात, फळाभर. मग म्हणालात, “हे रान समजा. ह्या शिरा म्हणजे बांध. आता सांगा, हा वरचा तुकडा चारी बाजूंनी बंद आहे, का टोकाला पाण्याला वाट आहे?” शेतकऱ्यांची पोरं आम्ही, एका दमात ओरडलो, बंद! “मग ही एका भावकीतली. वाट उघडी असती तर दुसऱ्या भावकीतली.” शिकारी माश्यांचं एवढं मोठं कूळ, जगभर पसरलेलं, त्याची वाटणी कशी करतात ते मला त्या दिवशी समजलं. तसं समजावून सांगणारं नंतर विद्यापीठातही कुणी भेटलं नाही. बाकीच्या खुणाही तुम्ही एकेक करून दाखवल्यात. दोन मोठ्या डोळ्यांच्या मधोमध डोक्याला पडलेली खाच, तिच्यात तीन बारके डोळे. तोंडावर राठ केसांची मिशी, म्हणजे धरलेला किडा धडपडला तरी हिच्या तोंडाला इजा नको. काटेरी पाय. आणि सुईसारखी सोंड, जी ती उडत्या किड्याच्या अंगात खुपसते आणि आत असं विष सोडते की किडा जागच्या जागी लुळा पडतो, आतून विरघळतो, आणि मग ती बसून तो पिते. पोरं शहारली होती. मी शहारले नव्हते. मला ती बघायची होती.

बघायला मिळाली तेव्हा मी काय केलं ते आठवतं. नववीत असताना शाळेमागच्या कुंपणावर मी एक हातानं धरली आणि ती मला चावली. गांधील चावावी तसं झोंबलं. मी रागानं तिला खाली टाकून चपलेनं चिरडली. तुम्ही मागे उभ्या होतात. तुम्ही ओरडला नाहीत. एवढंच म्हणालात, “धरायला तू गेली होतीस. ती नव्हती आली.” त्या दिवशी मी जेवले नाही. आई म्हणाली, बाईंनी मारलं का? मी म्हटलं, नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं.

आणि तो शेणखताचा खड्डा. आमच्याच रानातला. तुम्ही सगळा वर्ग तिथे आणलात आणि फावड्यानं खत उकरलंत. हुमणीच्या पांढऱ्या, वाकड्या अळ्या निघाल्या, आणि त्यांच्यात एक वेगळीच, बारीक, टोकदार अळी. हुमणीच्या अंगात तोंड खुपसून बसलेली. “ही तिची पोर,” तुम्ही म्हणालात. “माशी आकाशात शिकार करते, पोर मातीत. एक-दोन वर्षं अशी अंधारात काढते, आणि माशी होऊन उन्हात जगते ती जेमतेम काही आठवडे.” माझे वडील बांधावर उभे राहून ऐकत होते. उसाला हुमणी लागून त्यांचं अख्खं वावर बसलं होतं त्या साली. ते म्हणाले, “बाई, हुमणी खाती व्हय ही? मंग चार-दोन आनून सोडा की आमच्या रानात.” तुम्ही म्हणालात, “हायेतच तुमच्या रानात. औषध जरा बेतानं मारा, म्हंजी ऱ्हातील.” शाळेत शुद्ध बोलणाऱ्या तुम्ही बांधावर आमच्यासारखं बोलायचात. वडिलांना त्याचं फार अप्रूप होतं.

तुमचं स्वयंपाकघर आठवतं. मांडणीचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत उभे, मुंग्या चढू नयेत म्हणून. खालच्या फळीवर डाळी-तांदळाचे डबे, वरच्या फळीवर माश्यांचे. रॉकेलच्या स्टोचा आणि डांबरगोळ्यांचा मिळून एक वास यायचा, तो मला अजून कुठे कुठे येतो. तुमच्या थोरल्या बहीण, ज्यांना आम्ही मोठ्याबाई म्हणायचो, कुरकुर करायच्या, “येक दिवस आमटीत माशी निघंल हिच्यापायी.” तुम्ही ऐकल्या न ऐकल्यासारखं करायचात. दहावीचा निकाल लागला त्या दिवशी तिथेच, परातीत पीठ तसंच ठेवून, तुम्ही मला तुमचं पितळी मुठीचं भिंग दिलंत. “माझ्याकडं दुसरं आहे,” म्हणालात. दुसरं नव्हतं. मला पुढे वर्षभरानं कळलं.

त्याच वर्षांत कधीतरी तुम्हाला त्या दोन माश्यांचं वेड लागलं. करड्या रंगाची, पोटावर पट्टे असलेली, माळावर दिसणारी. पुस्तकातल्या खुणा लावत गेलं की सगळ्या एकाच नावाशी येऊन थांबायच्या. पण तुम्हाला वाटत होतं की त्या दोन आहेत. एक तापल्या दगडावर बसते, दुसरी कुसळी गवताच्या वाळल्या काडीवर. एक सकाळी उन्हं वर आली की, दुसरी दुपार कलल्यावर. अंडी कुठे घालतात ते तुम्हाला अजून नीट दिसलं नव्हतं, आणि ते तुम्ही वहीत प्रामाणिकपणे तसंच लिहून ठेवलं होतंत. माळावर मेंढरं चारणारे एक म्हातारेबुवा होते. एकदा मी बरोबर असताना तुम्ही त्यांना विचारलंत. ते काठीवर हनुवटी टेकून म्हणाले, “ह्या दोन येगळ्या हायेत की. दगडावरची माजोरी, जवळ गेलं तरी हालत न्हाई. कुसळीवरची भित्री. आमी काय आज बगतोय व्हय?” तुम्ही ते जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलंत, बोलणाऱ्याच्या नावासकट.

मी पुढे शिकायला पुण्याला गेले, पिकांवरच्या भुंगेऱ्यांवर पीएच.डी. केली, आणि नगरला कॉलेजात लागले. पहिली दोन वर्षं प्रोबेशनवर होते, नोकरी अजून पक्की झालेली नव्हती. तुम्ही तेव्हा निवृत्त झाला होता. एक दिवस मांडीवर डबा घेऊन एसटीनं आलात. पांढऱ्या साडीवर प्रवासाची धूळ. डब्यात दोन रांगा होत्या, आणि सोबत अकरा पानांचा, तुमच्या हातचा मराठी निबंध: ह्या दोन जाती वेगळ्या का. “तू आता ह्यातली जाणकार झालीस,” तुम्ही म्हणालात. “नरांच्या मागच्या टोकाला जो चिमटा असतो, तो दोघींच्यात वेगळा दिसतो मला. पण माझ्या भिंगाची ताकद पुरत नाही. तुझ्याकडं मोठं यंत्र आहे. तू उघडून बघ. मी चूक असेन तर चूक म्हण.” या माश्यांची जात शेवटी त्या चिमट्यावरून ठरते, हे मला माहीत होतं. तुम्ही दोन्हीकडचे दोन-दोन नर आणि निबंध माझ्यापाशी ठेवून गेलात.

मी आमच्या विभागप्रमुखांना निबंध दाखवला. त्यांनी दोन पानं चाळली आणि मेंढपाळाच्या नावावर बोट ठेवून हसले. “शाळेतल्या बाई, गुराख्याची साक्ष, आणि विभाग आपला. पुण्याचे पाहुणे येणार आहेत परिसंवादाला. ह्यांना बोलवा, पण समारोप तुम्ही नीट करा.” नीट म्हणजे काय ते मला समजलं. पुढचे दोन महिने ते चार नर माझ्या टेबलाच्या खणात पडून होते. यंत्र टेबलावर होतं. उघडून बघायला तासभरही लागला नसता. मी बघितलं नाही. बघितलं आणि तुम्ही बरोबर निघालात तर मला काय करावं लागेल, याची मला भीती वाटत होती.

परिसंवादाला तुम्ही इस्त्रीची साडी नेसून आला होतात. वीस मिनिटं बोललात, एकही शब्द वाया न घालवता. मेंढपाळाचं सांगितलंत तेव्हा मागच्या बाकांवर हसू पसरलं. बाई, मीही हसले. मोठ्यानं नाही, पण पाहुण्यांना दिसेल इतपत. मग उठून मी म्हणाले की अळीला खायला कमी मिळालं तर माशी लहान निपजते, लहान माशी दगडाऐवजी काडीवर बसते, आणि हौशी अभ्यासकांचा असा गैरसमज नेहमी होतो. हौशी. हा शब्द मी तुमच्यासाठी वापरला. तुम्ही शांतपणे विचारलंत, “दोन्हीकडचे नर तू उघडून पाहिलेस का?”

मी म्हणाले, “हो. पाहिले. दोन्हींत फरक नाही.”

तुम्ही चष्मा काढून पदरानं पुसलात. “मग माझंच चुकलं,” असं सगळ्यांसमोर म्हणालात आणि खाली बसलात. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या तुमच्या मोठेपणासाठी. एसटी स्टँडवर मी तुम्हाला सोडायला आले. तिसगावची गाडी लागली होती. पायरीवर एक पाय ठेवून तुम्ही मागे वळलात आणि माझ्या खांद्यावर हात ठेवलात. “ओळखीच्या माणसाला चूक दाखवायला धीर लागतो. तू दाखवलीस. मला बरं वाटलं.” गाडी गेली तरी मी तिथेच उभी होते.

वर्ष झालं, नोकरी पक्की झाली, आणि त्यानंतर एका दुपारी, विभागात कुणी नसताना, मी ते चार नर काढले. मागची टोकं पाण्यात मऊ केली, उघडली. दगडावरच्या नराचा चिमटा विळ्यासारखा, एकटोकी. कुसळीवरच्याचा टोकाला दुभंगलेला. लहान-मोठ्या अळीचा याच्याशी काही संबंध नसतो. दोन जाती. तुम्ही म्हणत होता तशाच. मी यंत्राचा दिवा बंद केला आणि हात धुतले.

पुढच्या रविवारी मी तिसगावला आले. सांगायचंच असं ठरवून आले होते. तुम्ही दार उघडलंत, पण मला ओळखायला आवाज ऐकावा लागला. साखरेनं तुमचे डोळे गेले होते, पुरते नाही, पण माशी बघण्यापुरते नक्की. मोठ्याबाईंनी हुलग्याची शेंगोळी केली होती. मी जेवत असताना तुम्ही चाचपडत मांडणीवरून डबा काढलात. “बघ, तू सांगितल्यापासून दुरुस्त करून टाकलं.” दोन रांगांची एक रांग झाली होती. कुसळीवरच्यांच्या चिठ्ठ्या काढून तुम्ही नव्या लावल्या होत्या, डोळे जायच्या आधी, स्वतःच्या हातानं. सगळ्यांवर एकच नाव. तुम्ही आत पाणी आणायला गेलात तेव्हा मोठ्याबाई हळूच म्हणाल्या, “नगरावरनं आल्यापासनं माळाकडं फिरकली न्हाई ती. म्हनती, माझी नजर खोटी निघाली.” मला ठसका लागला. तुम्ही पाणी घेऊन आलात आणि विचारलंत, “सावकाश गं. काही सांगायचं होतं का तुला?” मी म्हणाले, “नाही, सहज आले होते.” मी आणखी थोडी शेंगोळी वाढून घेतली आणि खाल्ली. दुपारच्या गाडीनं परत गेले.

त्यानंतर तुम्ही तीन वर्षं होतात. मी आले नाही. आले ती मातीला, आणि सगळ्यांच्या मागे उभी राहिले. आठवड्यानं मोठ्याबाईंची मुलगी टेम्पोतून डबे घेऊन कॉलेजात आली. “मावशीनं सांगून ठेवलं हुतं, पोरीकडंच द्या म्हनून. तिला त्यातलं कळतं.”

आता मागच्या महिन्याचं. माळरानावरच्या माश्यांवर काम करणारी एक मुलगी कोल्हापूरकडून आली. संशोधन करते, पंचविशीची असेल, तुमच्यासारखीच छत्री बाळगते. दोन दिवस तुमच्या डब्यांपुढे बसली आणि दुसऱ्या दुपारी खुर्ची ढकलून उठली. “मॅडम, ह्या दोन आहेत! एका रांगेत लावल्यात, पण दोन आहेत!” मग ती तिसगावला जाऊन आली. माळाचा बराच भाग आता प्लॉटिंगमध्ये गेलाय, पण ओढ्याच्या अंगाला दगड आणि कुसळी शिल्लक आहे, आणि माश्याही. दोन्हींचे पाय तोडून नेऊन तिनं त्यांची डीएनए तपासणी करून घेतली. तीही तेच सांगते. दगडावरचीला नाव आहे. कुसळीवरची विज्ञानाला नवी.

मग तिचं पत्र आलं, ईमेलनं. सोबत लेखाचा मसुदा. त्यात एक ओळ होती: मूळ संग्राहक शिक्षिकेला हा फरक लक्षात आलेला नव्हता, तिने दोन्ही एकाच नावाखाली ठेवल्या होत्या. तुमच्याच अक्षरातल्या चिठ्ठ्या त्याला पुरावा. आणि शेवटी तिनं लिहिलं होतं की चोवीस वर्षं हा संग्रह जपल्याबद्दल नव्या जातीला माझं नाव द्यावं असं तिला वाटतं, माझी परवानगी असेल तर.

आठ दिवस मी उत्तर दिलं नाही. नवव्या दिवशी तिला बोलावून घेतलं आणि तुमची अकरा पानं तिच्यापुढे ठेवली. ती उभ्या उभ्या वाचत गेली. मेंढपाळाच्या ओळीपाशी थांबली, परत वाचली. चिमट्याच्या ओळीपाशी बसली.

“मॅडम, त्यांनी हे तेव्हाच लिहिलं होतं?”

“हो.”

“मग चिठ्ठ्या का बदलल्या?”

“मी सांगितलं म्हणून. नर न उघडता मी उघडले असं सांगितलं. सगळ्यांसमोर.”

तिनं मला काही सुनावलं असतं तर बरं झालं असतं. तिनं फक्त विचारलं, “त्यांना कळलं होतं का नंतर?” मी मान हलवली, नाही. “मला कळल्यावरही मी नाही सांगितलं,” म्हणाले. ती पानं दोन्ही हातांनी सरळ करून फाईलमध्ये घालत म्हणाली, “ही मी नेते.” मला परत देईन असं म्हणाली नाही, आणि मीही विचारलं नाही.

लेख बदलला. जातीला तुमचं नाव लागतंय, बाई. फरक पहिल्यांदा तुम्ही ओळखलात, हे तुमच्या निबंधाचा दाखला देऊन छापलं जाईल, आणि मेंढपाळबुवांचं नावही. चिठ्ठ्या का बदलल्या गेल्या ते लिहायचं का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, लिही, माझ्या नावानिशी. तिनं एक वाक्य लिहिलं आहे. लहान आहे, आणि खरं आहे. ते वाचून विभागातले दोघेजण माझ्याशी आता जरा जपून बोलतात. त्याचं मला वाईट वाटतं, हेही खरं.

इथे थांबले असते तर हे पत्र कुणालाही दाखवता आलं असतं, मोठ्याबाईंच्या मुलीलाही. पण ते कुणाकडे जायचं नाही, म्हणून उरलेलं एवढंसं लिहिते. ती मुलगी सगळ्यांना सांगते की मॅडमना निर्णय घ्यायला आठ दिवस लागले, केवढी घालमेल झाली असेल. त्यातले पहिले पाच-सहा दिवस घालमेल वगैरे काही नव्हती, बाई. बाईमाणसाचं नाव जातीला देताना शेवटी जो लॅटिन प्रत्यय लावतात, तो लावून माझं नाव कसं दिसेल ते मी कोऱ्या कागदावर लिहून बघत होते. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा जरा वळणदार अक्षरात.